माघारीचा तास

प्लूटो परत आणायला आम्ही तळेगाव ढमढेऱ्याला गेलो होतो. आधीच्या फेरीत त्याच शाळेच्या मैदानावर मी सूर्यमाला मांडली होती. सूर्य म्हणून एक दणदणीत लाल भोपळा, बाकी लिंबं, बोरं, आवळे आणि सगळ्यात शेवटी, पार कुंपणापाशी, प्लूटो म्हणून हिरवा वाटाणा. पुढे शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा भोपळा मांडला आणि मुलांच्या देखत तो वाटाणा उचलून पिशवीत टाकला. मुलं हळहळली. एका मुलीने तर विचारलं, की त्याला कुणी आधी सांगितलं का. मागे पालकांच्या रांगेत गावात पंचांग सांगणारे एक काका बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्या पत्रिकेत त्यो कवाच नव्हता. तुमीच उगं घेतला हुता."



माझी नोकरी फिरत्या प्रयोगशाळेवरची. पुण्यातल्या एका संस्थेची गाडी होती. ती गावोगावच्या शाळांत जायची, प्रयोग दाखवायची, परत यायची. माझ्याकडे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके होते. गाडीच्या दोन्ही अंगांवर मोठ्या अक्षरांत ‘विज्ञानरथ’ असं लिहिलेलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तशातली गत. घाट सोडाच, साधा कालव्याचा पूल चढतानाही रथ धापा टाकायचा. सारथी हुसेनमामा. दौंडचेच, माझ्या माहेरच्या गल्लीच्या पलीकडचे. गाडीत चार सूक्ष्मदर्शक, एक दुर्बीण, चुंबकं, आरसे, माणसाच्या शरीराचा एक प्लॅस्टरचा पुतळा. त्याचं यकृत खड्ड्यात गाडी आदळली की निसटून सीटखाली जायचं. कित्येक शाळांत मी मुलांना "पोटात काय काय असतं" हे सांगत असताना मामा मागे वाकून यकृत शोधत असायचे.

बाहेरच्यांना वाटतं, हे काम म्हणजे प्रयोग दाखवणं. प्रयोग सोपे असतात. वीज गेली तर उन्हावर सूक्ष्मदर्शक चालतो, पाणी नसलं तर चुंबकं काढायची. अवघड असायची ती शेवटची पंधरा मिनिटं. त्यांना आम्ही ‘नवं काय कळलं’ म्हणायचो. जगात कुठे काय नवीन सापडलं ते संस्थेतली शास्त्रज्ञ मंडळी निवडून द्यायची आणि आम्ही ते गावाच्या बोलीत सांगायचं. आमच्या प्रमुख मॅडम यात फार कडक. शोध सांगताना तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: हे माणसात दिसलं की उंदरात, थोड्यांत दिसलं की बहुतेकांत, आणि अजून काय कळलेलं नाही. त्याहून कडक होता त्यांचा दुसरा नियम. आपण सांगितलेली गोष्ट पुढे चुकीची ठरली, तर त्याच गावात जाऊन ती परत घ्यायची. फोन नाही, पत्र नाही, स्वतः जायचं. आम्ही त्याला माघारीचा तास म्हणायचो. दुसऱ्या संस्थांचे लोक हसायचे. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र हा नियम पहिल्या दिवसापासून आवडला. वडील रेल्वेत गँगमन होते. दर रविवारी आम्हा भावंडांना विहारात न्यायचे. तिथं कानावर पडलेली एकच गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली, की कुणी थोर माणूस सांगतोय म्हणून मानू नका, स्वतः तपासा, मग माना. पुढे विज्ञान शिकले तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही.

माघारीच्या तासाला विरोध व्हायचा तो शाळांकडूनच. जिभेचा नकाशा आठवतो का? टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट. आमच्या पिढीने तो घोकला. तो चूक निघाला, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. मी मुलांना साखर आणि कारल्याचा रस जिभेच्या हव्या त्या जागी ठेवून बघायला लावलं. वर्ग खूश. गुरुजी मात्र मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "ताई, जीभ काय म्हणते ते खरं. पण मार्क पेपर देतो, जीभ देत नाही." पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडाही समजूतदार होता.

कारेगावात आम्ही संध्याकाळी कार्यक्रम करायचो, कंपनीतली माणसं पहिल्या पाळीवरून परतल्यावर. चंद्र कोरडा ठणठणीत आहे असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो. तिथे पाण्याचा अंश सापडला, आपल्याच देशाच्या यानाने शोधून काढला, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने माघारीचा तास घ्यायला उभी राहिले. चाळीतली एक बिहारकडची बाई कळशी कडेवर घेऊन ऐकत होती. "चाँद पे मिल गया? अच्छा है दीदी. अब हमारी गली में भी ढूँढ लो." सगळी चाळ हसली. मीही हसले, पण त्यानंतर कारेगावात चंद्राचा विषय काढताना मी आधी टँकर येऊन गेला का ते विचारून घ्यायची.

पाटसच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्या एका आबांना मी सांगितलं, की आपल्या माळावरच्या लांडग्याचं कूळ जगातल्या सगळ्यात जुन्या लांडग्यांपैकी आहे, असं त्याच्या रक्ताच्या तपासणीतून कळलंय. आबांनी खूप वेळ विचार केला. "म्हंजी माझी मेंढरं खाल्ली ती लई जुन्या घरान्यानं," ते म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती.

तहानलेलं टोमॅटोचं झाड टिकटिक आवाज करतं, आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, ही गोष्ट तर भाजीवाल्या गावांत अशी पसरली की विचारू नका. मी म्हटलं होतं, काचघरातल्या झाडांवर बारीक यंत्राने ऐकलंय. दोन महिन्यांनी तीच गोष्ट माझ्याकडे परत आली ती अशी, की टोमॅटो मालकाचं नाव घेऊन हाक मारतो. या कामातलं माझं दुःख म्हणाल तर ते हे. शोध गावात पोचायचा, त्यातला ‘कदाचित’ वाटेतच उतरून जायचा. आणि त्यामुळे एकदा एका बाईच्या जिवावर बेतलं.

कासुर्डीच्या शाळेत आयांचा मेळावा होता. समोर बायाच बाया, म्हणून मॅडमनी मला एक खास गोष्ट दिली होती. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात. पेशी म्हणजे शरीराच्या विटा म्हणा. बाळ जन्मल्यावर त्या सगळ्या मरत नाहीत. काही आयांच्या शरीरात त्यांच्या मुलग्यांच्या पेशी कित्येक वर्षांनीही जिवंत सापडल्या आहेत, काळजात, यकृतात, गळ्यातल्या ग्रंथीत, मेंदूतसुद्धा. मी तिन्ही नियम पाळले. काही आयांमध्ये, असं म्हटलं. सगळ्यांत असतातच का ते माहीत नाही, असंही म्हटलं. एरवी अशा सभेत चुळबुळ असते. त्या दिवशी नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर तोंडाला लावला होता. कार्यक्रम संपल्यावर ती गाडीपाशी आली.

"लेकरू गेलं आसंल तर?" तिने विचारलं. "मंग त्येच्या बी ऱ्हात्यात?"

"आईच्या शरीरात गेलेल्या असतील तर राहू शकतात," मी म्हणाले. "लेकरू नसलं तरी."

माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले आणि तसेच धरून ठेवले. मग निघून गेली. मामांनी सांगितलं, या शालनबाई. शेवंतीवाल्या. यांचा मुलगा नितीन, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, इथेच सोलापूर हायवे ओलांडताना गेला. परतीच्या वाटेवर मला फार समाधान वाटत होतं. इतक्या वर्षांत चुंबकं आणि ग्रह पुष्कळ दाखवले, पण एखादा शोध कुणाच्या इतका उपयोगी पडताना मी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी, माझी निवृत्ती जवळ आली असताना, एका रविवारी दौंडला माझ्या घरी एक तरुण मुलगी आली. अंगावर रांजणगावच्या कंपनीचा शर्ट, रात्रपाळी करून थेट आलेली. शालनबाईंची मुलगी मनीषा. कारेगावात खोली घेऊन राहायची. पाणीसुद्धा न पिता तिने बोलायला सुरुवात केली.

आईच्या गळ्यात गाठ आली होती. पुण्यातल्या दवाखान्यात सुई घालून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, गाठीचं लक्षण बरं नाही, ग्रंथी काढून टाकू. आत्ता काढली तर पूर्ण बरं व्हायची चांगली आशा आहे, पण थांबायचं नाही. आई तारखेच्या दिवशी दवाखान्यातून उठून घरी आली. दुसरी तारीख घेतली, तिला गेलीच नाही.

"का?"

"तुमच्यामुळं," मनीषा म्हणाली. रागावून नाही, दमून. "तुमी सांगितलं न्हवं, पोराच्या पेशी आईच्या गळ्यात ऱ्हात्यात. आई म्हणती, नितीन गळ्यात हाय म्हनून तिथं गाठ आली. डॉक्टरला म्हणती, एकदा रस्त्यावर गेला, आता टेबलावर न्हेऊन कापू देनार न्हाई."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. मनीषाला आमच्या रिवाजाची माहिती होती, लहानपणी शाळेत तिने पाहिलेला. "ताई, तुमी माघारीचा तास घेता. मंग ह्याचा बी घ्या. आईला येऊन सांगा, त्यो शोध खोटा निघाला. एवढंच बोला. तुमचं ती आयकंल."

मी लगेच हो म्हणाले नाही. नाहीही म्हणवेना. मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोटं सांगू नकोस. पण अर्धं खरं सांगून थांबू पण नकोस. तिच्याकडे अर्धंच पोचलंय." मग त्यांनी मला तासभर फोनवर बरंच काही समजावलं. त्यातलं काही मला माहीत होतं, काही नव्हतं.

सुट्टी असूनही मामा गाडी घेऊन आले. चौफुला आला. मग मामाच म्हणाले, "ताई, एक बोलू? या वक्ताला खोटं बोला. जीव वाचतोय बाईचा. पाप लागलं तर माझ्या नावावर लावा."

"मामा, मी आज खोटं बोलले तर उद्या तिला कळेल. शेजारीण मोबाईलवर दाखवेल. मग ती डॉक्टरांचंही ऐकणार नाही."

"उद्याचं उद्या. आज तर वाचंल."

मामांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मागे मनीषा खिडकीला डोकं टेकून बसली होती. ती आमच्या दोघांपैकी कुणाच्या बाजूने होती ते स्पष्टच होतं.

शालनबाई घरासमोरच्या छपरात शेवंतीच्या ढिगापाशी बसल्या होत्या. फुलं निवडून क्रेटमध्ये भरणं चाललं होतं, संध्याकाळी गाडी मार्केटला जायची होती. त्यांचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, क्रेट बांधत होते. शालनबाईंनी मला पाहिलं, मग मनीषाकडे पाहिलं, आणि हात न थांबवता म्हणाल्या, "या ताई. बसा. मनीनं आनलं व्हय? माघारी घ्यायला आला."

"नाही," मी म्हणाले. मनीषाने माझ्याकडे असं पाहिलं, की मला तिची नजर चुकवावी लागली. "शोध खोटा निघालेला नाही शालनबाई. जे सांगितलं ते खरं आहे. पण तुमच्यापर्यंत ते निम्मंच पोचलंय. राहिलेलं सांगायला आले."

आप्पा खाली बसले. शालनबाईंचे हात मात्र चालूच राहिले.

मी म्हटलं, "या ढिगात चुकून एखादं झेंडूचं फूल आलं तर?"

"येतं की. काढतो."

"आणि अख्ख्या ट्रॅक्टरभर शेवंतीत एकच झेंडू असला तर?"

"त्यो कुठला घावतोय."

"मग एक क्रेट बाजूला काढला, म्हणून झेंडू गेला असं म्हणाल का?"

आता हात थांबले. त्या हुशार बाई होत्या, मला पुढचं फोडून सांगावं लागलं नाही. तरी सांगितलं. या पेशी एका जागी घर करून बसत नाहीत. असतात तर अंगभर, कुठे कुठे, फार थोड्या. गळ्यातली गाठ त्यांच्यामुळे आली असं कुणाला म्हणता येणार नाही. ज्यांना कधी मूल झालं नाही त्यांनाही अशा गाठी येतात, पुरुषांनाही येतात. डॉक्टर गाठ काढतील. नितीनला काढणं कुणाच्याच हातात नाही.

"नक्की?"

हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला आहे, आणि दर वेळी मला छातीठोकपणे हो म्हणता आलेलं नाही. "नितीनच्या पेशी तुमच्यात आहेतच, हे मला नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "असू शकतात. असतील, तर त्या गळ्यापुरत्या असतील असं मुळीच नाही. हे नक्की."

मागून मामांनी मोठ्याने श्वास सोडला.

"आणखी एक," मी म्हणाले. "उंदरिणीच्या काळजाला इजा झाली, तेव्हा पोटातल्या पिल्लांच्या पेशी त्या जखमेकडे गेलेल्या दिसल्या. माणसांतही, काही आयांच्या पोटावर बाळंतपणाच्या ऑपरेशनचा व्रण होता, त्या भरलेल्या व्रणात बाळाच्या पेशी सापडल्या. काम करताना. जखम सांधायला लागतं ते बनवताना. सगळ्यांच्या बाबतीत होतं का, ते ठाऊक नाही."

शालनबाईंनी गळ्याशी हात नेला. "म्हंजी कापल्यावर त्यो येईल?"

"येईल असं मी सांगू शकत नाही."

"पर आल्यात. कुनाकुनाची."

"हो. कुणाकुणाची आलेली आहेत."

आप्पा उगाच एका क्रेटची सुतळी सोडून पुन्हा बांधत होते. मला वाटलं, बाई आता हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "बघू. शेवंती उरकू दे."

गावाकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो ते दौंडच्या बाईला सांगायला नको. पण सांगायची एक गोष्ट अजून राहिली होती. ती मी मेळाव्यातही सांगितली होती, अगदी शेवटी, शाळेची घंटा होता होता, आणि ती कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. मी म्हटलं, "शालनबाई, मी तेव्हा सारखं मुलगा मुलगा म्हणत होते. त्याचं कारण वेगळं आहे. बाईच्या अंगात पुरुषाची पेशी असली की तपासणीत ती लगेच वेगळी ओळखू येते. मुलीची पेशी आईसारखीच दिसते, ती वेगळी काढणं फार अवघड. म्हणून पहिल्यांदा सापडले ते मुलगे. मुली सापडल्या नाहीत, कारण त्यांना शोधणं जमत नव्हतं. पण मुलींच्याही जातात. तशाच राहतात."

"मुलींच्या बी?" हे शालनबाईंनी नाही, मनीषाने विचारलं.

"हो."

मनीषा इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. ती येऊन आईसमोर उकिडवी बसली, मध्ये शेवंतीचा ढीग. "मंग मी बी हाय तुझ्यात," ती म्हणाली. "माझं नाव काय घेतलं न्हाईस तू. वरीसभर दादा गळ्यात, दादा गळ्यात. मी बी हाय की आई. तुझ्यात बी हाय आन् भाईर बी हाय. भाईरच्यानं कुनाकडं बगायचं तू गेल्यावर?"

आणि मग ती रडायला लागली. पाळी करून आलेली, उपाशी पोर, फुलांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. शालनबाईंनी आधी तिच्या केसांतल्या पाकळ्या काढल्या. एकेक करून, जशी फुलं निवडत होत्या तशाच. मग त्या आप्पांना म्हणाल्या, "आवं, उद्याची जीप सांगा. शेवंतीचं बगंल कुनीबी."

माझे डोळे भरून आले होते. मामा म्हणाले, चला ताई, गाडीत हवा कमी वाटते. टायरात हवा व्यवस्थित होती, मी जाऊन पाहिलं.

ऑपरेशन झालं. गाठ खरोखरच वाईट निघाली, पण पसरलेली नव्हती. डॉक्टरांनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी दिली, ती जन्मभर. पुढे संस्थेत मी हा सगळा प्रकार सांगितला तेव्हा आमच्यात बरेच वाद झाले. अशा नाजूक गोष्टी गावात सांगाव्यात का, असा एक प्रश्न आला. मी म्हणाले, सांगाव्यात, पण सांगून गाडी चालू करून निघून जाऊ नये. शोध सांगायचा तर त्या घरी पुन्हा जावं लागेल एवढी तयारी ठेवायची. आमच्याकडे माघारी घ्यायला जायचा रिवाज होता, पुढचं सांगायला परत जायचा नव्हता. तो त्यानंतर सुरू झाला. मी निवृत्त झाले, पण नव्या मुली पाळतात असं कळतं. मी सांगितलेल्या गोष्टींपैकी आणखी काही पुढेमागे चुकीच्या ठरतील, यात मला शंका नाही. त्या परत घ्यायला कुणीतरी जाईल.

निवृत्तीनंतर मी एकदा एसटीने कासुर्डीला गेले. रथ नाही, पुतळा नाही, हातात फक्त मिठाईचा पुडा. मनीषाही सुट्टीवर आलेली होती. शालनबाई त्याच छपरात होत्या. आवाज जरा घोगरा झालेला, गळ्यावर आडवा व्रण, लालसर. तब्येत बरी दिसत होती. चहा झाला. बोलता बोलता त्यांचा हात सारखा गळ्याकडे जात होता आणि मनीषा सारखी तो हात खाली ओढत होती.

"लई खाज सुटती ताई," शालनबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हनत्यात, खाजवू नका."

खाज का येते ते मला माहीत होतं. नोकरी गेली तरी खोड कुठे जाते. जखम भरताना आतल्या बारीक नसा पुन्हा जुळतात, कातडी ताणली जाते, म्हणून खाज येते, असं मी व्यवस्थित समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "त्ये बी आसंल." मग त्यांनी मनीषाकडे पाहिलं, व्रणावरून अलगद बोट फिरवलं आणि हसल्या. "पर मला इचाराल तर दोघं बी आल्यात सांधायला. आन् ही दोघं एका जागी आली म्हंजी भांडल्याबिगर ऱ्हात्यात व्हय?"